सहाशे ओम

नाथा गुंजाळचे कान गेले ही बातमी साऱ्या नाशकात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि तो माणूस म्हणजे खुद्द नाथा. बायकोला त्यानं सांगितलं नव्हतं. पोरीला सांगण्याचा तर प्रश्नच नव्हता.

चाळीस वर्षं ज्यानं लग्नात, सप्त्यात, जत्रेत आणि निवडणुकीत स्पीकर लावले, त्याचे कान जाणं यात तसं नवल काही नाही. नवल असलंच तर ते बासष्टाव्या वर्षापर्यंत टिकले याचं. पण नाथाला आपल्या कानांचा भलता अभिमान. चांदवडकडच्या खेड्यातून येऊन त्यानं हिरावाडीत 'गुंजाळ साउंड'ची पाटी लावली ती कानांच्याच जोरावर. मांडवाच्या एका टोकाला उभं राहून तो सांगायचा, की पलीकडच्या टोकाचा तिसरा बॉक्स फाटलाय; जाऊन बघावं तर त्या स्पीकरचा पडदा खरंच फाटलेला. कुणी थट्टेनं विचारलं, "नाथाभाऊ, आता कमी ऐकू येत असंल ना?" तर म्हणायचा, "काल तुझी बायको तुला काय बोलली ते सांगू का सगळ्यांसमोर?"

अशा माणसाची झोप उडवली ती पोरीनं प्रेमानं आणलेल्या एका हेडफोननं.

पूजा त्याची एकुलती एक. दीड वर्षापूर्वी पतसंस्थेतली बसल्या जागेची नोकरी सोडून तिनं पूर्ण वेळ गाणं धरलं, तेव्हा नाथा दोन महिने तिच्याशी धड बोलला नव्हता. पुढं सगळं निवळलं, तरी दोघांच्या मनात एक खडा राहून गेला होता. आता तिच्या गुरू अंजलीताई यांच्या क्लासनं गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये तिचा पहिला स्वतंत्र कार्यक्रम ठेवला होता. तासभर ती एकटी गाणार होती. तिची अट एकच: साउंडला पप्पा बसणार.

"दुसरं कुणी बसलं तर मला गाताच यायचं नाही," ती म्हणाली. नाथा वरवर "बघू, बघू" म्हणाला आणि आतून असा फुलला, की त्या दिवशी त्यानं गोडाऊनमधले दोन्ही मिक्सर काही कारण नसताना पुसून काढले.

कार्यक्रमाला वीस दिवस असताना तिनं तो हेडफोन आणला. कुठला तरी रेकॉर्डिंग स्टुडिओ बंद होत होता, तिथला. जुना आणि दणकट. कानावर बसणाऱ्या दोन मोठ्या वाट्या, मखमली गाद्या, वाट्यांना बाहेरून जाळी आणि अंगठ्याएवढी जाड पिन.

"स्टुडिओतली माणसं हाच वापरतात, पप्पा. मी तिथं त्यांच्या मशीनवर लावून बघितला, काय ऐकू येतं म्हणून सांगू! माझं रेकॉर्डिंग तुमच्या मोबाइलवर टाकलंय. तीन बंदिशी आहेत. ऐका आणि चुका काढा. कौतुक काय, ते आईकडून फुकट मिळतं मला."

धंद्याच्या सवयीनं नाथानं आधी वाटीवरचे बारीक आकडे वाचले. सहाशे ओम. त्याचा जीव एकदम भांड्यात पडला.

आता हा ओम काय प्रकार आहे ते सांगायला पाहिजे. ओम म्हणजे ॲम्प्लिफायरच्या करंटला स्पीकरनं घातलेली आडकाठी. आडकाठी कमी, तेवढा स्पीकर जास्त करंट ओढणार. मांडवातले बॉक्स असतात चार नाहीतर आठ ओमचे. हौशी माणूस एकाच ॲम्पवर बॉक्सला बॉक्स जोडत सुटतो, ओम उतरत जातो आणि ऐन मंगलाष्टकात ॲम्प धूर सोडतो. म्हणून नाथाला ज्यांनी हा धंदा शिकवला त्या रावजीनानांनी पहिल्याच महिन्यात त्याच्याकडून एक वाक्य घोटून घेतलं होतं: ओम वाढला, ॲम्प निजला. ओम जास्त असला की ॲम्पला कसली दगदग नाही, घोर झोप. नाथानं हे वाक्य चाळीस वर्षं देवाच्या नावासारखं जपलं. त्याचा एकही ॲम्प कधी जळला नाही. तेव्हा सहाशे ओम म्हणजे त्याच्या हिशेबी जगातली सगळ्यात निर्धोक वस्तू होती. बिचाऱ्या मोबाइलला काही म्हणता काही धोका नाही.

जाड पिनेला लहान पिन लावली, तिला मोबाइलच्या चार्जिंगच्या भोकात बसणारी बोटभर शेपटी जोडली, हेडफोन डोक्यावर चढवला आणि आवाज पार शेवटपर्यंत वर केला.

शेजारच्या बिल्डिंगमध्ये दार लावून कुणीतरी गात असावं, तेवढाच आवाज आला. तानपुरा वाजतोय की डोक्यावरचा पंखा, तेही कळेना. नाथानं पंखा बंद केला. तानपुरा होता. त्यानं वाट्या दाबून धरल्या, डोळे मिटले. पूजाचा आवाज यायचा आणि विरून जायचा.

त्यानं पिन काढून परत घातली. वायर वाकवून बघितली. दुसरं रेकॉर्डिंग लावलं, तेही तसंच. वस्तू स्टुडिओतली, पोरीनं स्वतः ऐकून आणलेली. मोबाइल दिवाळीत घेतलेला. वायर ठणठणीत. सगळं एकेक करून तपासून झालं तेव्हा एकच भाग तपासायचा राहिला, आणि तो नाथाच्या डोक्याला दोन बाजूंनी चिकटलेला होता. रावजीनाना ठार बहिरे झाले ते ह्याच वयात.

त्यानंतर त्यानं आपल्या कानांच्या ज्या परीक्षा घेतल्या त्या बघून कुणालाही हसू आलं असतं. मंगल, म्हणजे त्याची बायको, स्वयंपाकघरात कुकर लावायची आणि हा बाहेरच्या खोलीत शिट्ट्या मोजायचा. मग आत जाऊन सहज विचारल्यासारखा विचारायचा, "किती झाल्या?" ती म्हणायची, "चार असतील, नाहीतर पाच." म्हणजे ह्याच्या तीन झाल्या की चुकलाच. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक सकाळी ऐकू यायची आणि संध्याकाळी यायची नाही; संध्याकाळी रस्त्यावर रिक्षांचा कालवा असतो हे त्याच्या ध्यानात यायचं नाही. एकदा भीती मनात घुसली की ती प्रत्येक गोष्टीत पुरावा शोधते, आणि शोधणाऱ्याला पुरावा कधी कमी पडलेला नाही.

चार दिवसांनी पूजानं विचारलं, "ऐकलं का, पप्पा?"

"ऐकलं ना. मस्त आहे."

"दुसऱ्या बंदिशीला तबला जास्त झालाय का?"

"थोडासा वाटतोय," नाथा म्हणाला. काहीतरी चूक काढायला पाहिजे होती, ती आयती मिळाली होती.

पूजा त्याच्याकडे बघत राहिली. "तबल्याचा आवाज दुसऱ्या बंदिशीतच कमी पडलाय. इतका कमी, की अंजलीताई म्हणाल्या परत रेकॉर्ड कर." मग हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही ऐकलंच नाहीये."

त्याच क्षणी खरं बोलून टाकायचं, तर नाथानं उठून चप्पल पायात घातली आणि गोडाऊनवर निघून गेला. जाता जाता वर आणखी एक घोळ घालून ठेवला. "आणि हे बघ, साउंडला तू लखनला सांग. त्याच्याकडे नवीन डिजिटल मिक्सर आलाय. मला त्या दिवशी ओझरला लग्न आहे."

लखन हा पंचवटीतला दुसरा साउंडवाला. गेल्या वीस वर्षांत नाथाच्या तोंडून त्याचं नाव एकदाही चांगल्या अर्थानं निघालं नव्हतं. त्यामुळे पूजाला संशय आला आणि तिनं ओझरच्या आत्याला फोन केला. लग्न होतं, पण पुढच्या महिन्यात.

"गाणं पसंत नाही तर तसं सांगा," दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहाच्या वेळी म्हणाली. "नोकरी सोडली म्हणून अजून राग असेल तर तेही सांगा. थापा कशाला मारता? मी लखनदादांशी बोलते."

मंगल हातातलं पातेलं तसंच धरून दोघांकडे बघत होती. नाथा बशीत बघत राहिला. त्याला सगळं सांगायचं होतं. ओठापर्यंत आलंही होतं. पण सांगितलं असतं तर ही पोरगी दयेपोटी त्यालाच मिक्सरवर बसवणार, आणि बहिऱ्या बापापायी तिच्या पहिल्याच कार्यक्रमाचा विचका होणार. त्यापेक्षा बाप आडमुठा ठरलेला बरा. असा विचार करून तो गप्प बसला, आणि त्याच्या गप्प बसण्यानं पोरीला जे कळायचं ते कळलं. तिचा रिकामा कप बेसिनमध्ये जोरात आपटला, तो मात्र नाथाला अगदी स्वच्छ ऐकू आला.

कार्यक्रम आठ दिवसांवर आला तेव्हा त्याला राहवेना. त्यानं हेडफोन कापडी पिशवीत घातला, स्कूटर काढली आणि म्हसरूळला रावजीनानांकडे गेला. औषध मागायला नव्हे. कान जातात तेव्हा माणूस पुढं काय करतो, एवढंच विचारायचं होतं त्याला.

रावजीनाना आता ब्याऐंशीचे. अंगणात पेरूच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेले. वीस वर्षांपासून त्यांना काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. कानाचं मशीन पोरांनी आणून दिलं होतं ते त्यांनी खोलून बघितलं, "आत काय दम नाय" म्हणाले आणि परत जोडलंच नाही. त्यांच्याशी बोलायचं म्हणजे पाटीवर लिहायचं. नातवाची जुनी पाटी आणि पेन्सिल कायम खुर्चीशेजारी असायची.

नाथानं पाया पडून पाटी घेतली आणि लिहिलं: कान गेले.

"कुनाचे?" नाना मांडवात बोलल्यासारखे ओरडले. बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही.

नाथानं खाली लिहिलं: माझे.

नानांनी पाटी लांब धरून वाचली, मग नाथाकडे बघितलं. "आरं, मंग मी आत्ता 'कुनाचे' इचारलं ते तुला कसं कळलं?"

"तुम्ही ओरडता, नाना," नाथा म्हणाला, आणि मग तेच पाटीवर लिहिलं. एवढ्यानं आपलं म्हणणं पटायचं नाही म्हणून त्यानं पिशवीतून हेडफोन काढला, मोबाइल काढला आणि वकिलानं कागदपत्रं मांडावीत तसं सगळं नानांच्या पुढ्यात मांडलं. पाटी पुसून लिहिलं: स्टुडिओचा आहे. पोरीला ऐकू येतं. मला येत नाही.

नानांनी हेडफोन हातात घेतला. वजन बघितलं. वाटीवरून बोट फिरवलं, पिन दोन बोटांत धरून हसले. "लय वर्सांनी अशी पिन पायली. किती ओम?"

नाथानं बोटानंच दाखवलं. नानांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि आकडा डोळ्यांजवळ नेऊन वाचला.

"सहाशे?"

नाथानं मान हलवली. आणि नानांना वाटू नये की आपण शिकवलेलं विसरलो, म्हणून ऐटीत लिहिलं: ओम वाढला, ॲम्प निजला.

नानांनी ते वाचलं आणि जे हसायला लागले ते थांबेनातच. हसता हसता खोकला आला, सुनेनं आतून पाणी आणलं, ते प्यायले आणि परत हसले. नाथाला असा राग आला की सांगता सोय नाही. इथं माणसाचे कान गेलेत, पोरगी तुटत चाललीय, आणि म्हातारा दात नसलेलं तोंड उघडून हसतोय.

"आरं येड्या," नाना डोळे पुसत म्हणाले, "निजलेला ॲम्प गातो कव्हा? मी तुला अर्धंच शिकवलं. मांडवात तेवढंच लागतं. आपल्याला तिथं आवाजाची वाण कव्हाच नसती, भीती असती ती जळायची. पन म्या धंद्याच्या आधी रेडिओ दुरुस्त केलेत. तव्हा दोन-दोन हजार ओमचे हेडफोन डोक्याव असायचे. ओम वाढला म्हंजी त्याला ढकलायला व्होल्टेज लागतंय. ते ह्या मोबाइलच्या शेपटीत कुठून यायचं? लोखंडी नांगराला शेळी जुंपलीस तू, आन जमीन उकरंना म्हनून सोताच्या डोळ्याला दोष देतोस!"

नाथाला कळलं, पण धीर झाला नाही. मनातल्या मनात तो म्हणाला, नाना प्रेमापोटी बोलताहेत.

"चल आत," नाना उठले.

आतल्या खोलीत टेबलावर त्यांचा जुना स्टीरिओ ॲम्प्लिफायर होता. पुढच्या बाजूला दोन काचा, काचांआड दोन सुया. ऐकू येत नसलं तरी नाना रोज सकाळी त्यावर गाणी लावायचे आणि सुया नाचताना बघत बसायचे. कोणतं गाणं लागलंय ते सुईच्या चालीवरून ओळखू येतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी खण उघडला, वायरींच्या गुंत्यातून नेमकी वायर ओढली, मोबाइलची शेपटी तिला जोडली आणि वायर ॲम्पच्या पाठीत खुपसली. हेडफोनची जाड पिन, तिला काही न जोडता, पुढच्या भोकात कटकन बसली.

"बटन शून्यावर हाय. सावकाश चढीव. ती सवय सोडू नको."

नाथानं हेडफोन चढवला, रेकॉर्डिंग लावलं आणि बटण फिरवलं. थोडं फिरवलं, काही नाही. आणखी थोडं फिरवलं.

आणि तानपुरा खोलीभर झाला.

चारही तारा वेगवेगळ्या. पहिली तार किंचित उतरलेली, तीसुद्धा कळली. कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. क्लासच्या खिडकीखालून भाजीवाला "मेथी, मेथी" करत गेला. तबलजीनं घसा खाकरला. आणि मग माइकपासून थोडा लांबून पूजाचा आवाज आला, गाण्याचा नव्हे, बोलण्याचा: "थांबा ना ताई, परत पहिल्यापासून घेऊ. हे पप्पा ऐकणार आहेत. त्यांच्या कानातून काही सुटत नाही."

नाथानं खुर्चीचा हात घट्ट धरला. बारा दिवस हे वाक्य त्याच्या खिशात पडून होतं, आणि त्यानं त्या पोरीला "मस्त आहे" सांगून वाटेला लावलं होतं. मग ती गायला लागली. नाथाचे डोळे भरून वाहायला लागले आणि त्यानं ते पुसलेही नाहीत. कान शाबूत होते. आणि पोरगी गात होती, खरंच गात होती. तिनं नोकरी का सोडली हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

रावजीनाना एकदा सुयांकडे बघत होते, एकदा नाथाच्या तोंडाकडे. बंदिश संपल्यावर त्यांनी पाटी पुढं केली. "कशी गाती?"

नाथानं लिहिलं: छान. मग ते त्यालाच खोटं वाटलं, पुसलं, आणि लिहिलं: घाई करत नाही. सुराजवळ जाते आणि थांबते.

नानांनी ते दोनदा वाचलं. "व्हय," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज लहान झाला. "सुई तशीच चालत व्हती."

निघताना त्यांनी सुनेकरवी माळ्यावरून दुसरा एक ॲम्प्लिफायर काढायला लावला. "घरी बसून ऐकायला ह्यो ने. ह्या हेडफोनला ह्योच जोडीदार. आन भाईर फिरताना ऐकायचं तर मोबाइलला झेपंल असा बत्तीस ओमचा हलका घे, नायतर खिशात बसतोय तसला ब्याटरीवरचा ॲम्प घे. जोडी जमली पायजे. एकटा कोनीच वाईट नसतो."

स्कूटरच्या पायरीवर ॲम्प्लिफायर ठेवून, दोन्ही गुडघ्यांनी तो आवळून धरत नाथा घरी आला. पूजा बाहेरच्या खोलीत वहीत काहीतरी लिहीत होती. तिनं वर बघितलं नाही. नाथानं ॲम्प जमिनीवर ठेवला आणि दारातच, चप्पल न काढता, सगळं सांगून टाकलं. हेडफोन, मोबाइल, कुकरच्या शिट्ट्या, ओझरचं लग्न, सगळं. वाटेत ठरवलं होतं की जरा बापाच्या इभ्रतीनं सांगायचं, पण जमलं नाही.

पूजा आधी चिडली. "आठ दिवस! आठ दिवस मी समजतेय की तुम्हाला माझं गाणं आवडत नाही. आणि तुम्ही कुकरच्या शिट्ट्या मोजताय?" मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता मध्येच रडू आलं, आणि तिनं तोंड ओढणीत लपवलं. नाथा तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला. असं त्यानं तिच्या दहावीनंतर केलं नव्हतं.

मंगल आतून पदराला हात पुसत आली. "मी म्हणते, येताना कोथिंबीर आणा, ते तीस वर्षांत ह्यांना एकदा ऐकू आलं नाही. तेव्हा नाही वाटलं कान गेले म्हणून?"

"ते वेगळं," नाथा म्हणाला.

"ते वेगळं कसं?" ती म्हणाली, आणि तिघंही हसली. कितीतरी दिवसांनी त्या घरात एक मोकळा श्वास फिरला.

तरी पूजानं हट्टानं त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलंच. डॉक्टरनं काचेच्या खोलीत बसवून बारीक-मोठे आवाज ऐकवले आणि कागदावर रेघ काढून दाखवली. रेघ बराच वेळ सरळ चालली होती आणि उजव्या टोकाला खाली उतरली होती. "अगदी वरचे, बारीक आवाज थोडे कमी झालेत. तुमच्या वयाच्या मानानं ठीक. तुमच्या धंद्याच्या मानानं तर नशीबच काढलंत," डॉक्टर म्हणाला. नाथानं त्यातलं फक्त नशीब तेवढं ऐकलं आणि बाहेर येऊन पेढे घेतले.

लखनला पूजानं फोन करून नको म्हटलं. तो म्हणाला, "मला वाटलंच होतं. नाथाभाऊ पोरीच्या कार्यक्रमात मला हात लावू देतोय होय!"

कार्यक्रमाच्या दिवशी, शनिवारी दुपारी, हॉल रिकामा होता. नाथानं सकाळपासून चार बॉक्स लावून, वायरी टेपनं चिकटवून, सगळं आरशासारखं करून ठेवलं होतं. तो शेवटच्या रांगेमागं मिक्सरवर बसला. पूजा स्टेजवर बसली, तबलजी बसला, तानपुरा सुरू झाला. अंजलीताई मधल्या रांगेत. नाथानं माइक उघडला, हळूहळू चढवला. आवाज गोल आला, भरून आला. त्याला वाटलं, इतकं चांगलं आपलं कधी जमलं नव्हतं.

पूजानं मान वाकडी केली. "पप्पा, काहीतरी बारीक शीऽऽ येतंय. शिट्टीसारखं."

नाथानं कान दिला. काही नव्हतं. उठून डाव्या बॉक्सजवळ गेला, उजव्याजवळ गेला. काही नव्हतं. परत येऊन हेडफोन चढवला, त्यातही नाही.

"येतंय खरं," अंजलीताई म्हणाल्या. तबलजीनं मान डोलावली.

डॉक्टरची रेघ टोकाला का उतरली होती ते आता नाथाला नीट कळलं. हात बटणांवर होते आणि काय फिरवायचं ते ऐकू येत नव्हतं. एखादं बटण उगाच इकडंतिकडं करायचं आणि "आता बघा" म्हणायचं, एवढं त्याला येत होतं. सगळ्याच साउंडवाल्यांना येतं. त्यानं स्टेजकडे बघितलं. पूजा त्याच्याकडेच बघत होती. तिच्या तोंडावर घाबरल्याची खूण नव्हती, घाई नव्हती. ती नुसती थांबली होती.

"मला नाही ऐकू येत ते," नाथा म्हणाला. सगळ्या हॉलला जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला. "तू सांग. मी फिरवतो."

पूजानं हात वर केला. नाथा एकेक करून बारीक आवाजांची वरची बटणं उतरवत गेला. "नाही. नाही. हं, हेच. अजून थोडं. अजून." आणि हात खाली आणला. "गेलं."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"आता गाऊन बघ."

ती चार ओळी गायली. नाथानं हात वर केला, आता त्याची पाळी होती. "शिट्टी गेली, पण तिच्याबरोबर तुझ्या आवाजाची धारही गेली थोडी. थांब, ती मी खालच्या बटणांतून आणतो. आणि अंतऱ्याच्या आधी श्वास घेताना तू तोंड डावीकडं नेतेस. पुढचा शब्द माइकबाहेर पडतो. तेवढं सांभाळ."

अंजलीताई मागं वळून बघायला लागल्या. "अहो, हे मी तिला दोन महिने सांगतेय!"

"मग आता ऐकेन," पूजाच म्हणाली.

वरचं बारीक तिचं, बाकी सगळं त्याचं, अशी त्या दुपारी वाटणी झाली, आणि पुढंही तीच राहिली. संध्याकाळी हॉल भरला. रावजीनाना पहिल्या रांगेत कडेला, बॉक्सच्या लाकडावर पंजा टेकवून बसले. पूजानं नमस्कार केला, मग लोकांच्या डोक्यांवरून मागं बघितलं आणि सगळं ठीक आहे ना, अशा अर्थानं भुवई वर केली. नाथानं मान हलवली. त्याला जेवढं ऐकू येत होतं ते सगळं जागेवर होतं, आणि जे येत नव्हतं ते तिनं बघून घेतलं होतं. त्यानं माइक उघडला.